साक्षीला उभं राहणं

जालना जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींची घरप्रार्थना साधारण एकाच वळणाने जाते. गीत होतं, शास्त्रपाठ होतो, पाळक थोडं बोलतात. मग ते विचारतात, कोणाला साक्ष द्यायची आहे का? जरा वेळ कोणी हलत नाही. मग सतरंजीच्या कडेला बसलेली एखादी बाई पदर सारखा करून उठते, सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम करते आणि सुरू करते. आधी घरात असं असं होतं. नवरा पीत होता, किंवा लेकरू आजारी होतं. डॉक्टर झाले, भगत झाले. एका रात्री ती रडत बसली असताना प्रभू तिच्याशी बोलला. तेव्हापासून घर सावरलं. सगळे ‘आमेन’ म्हणतात, बाई खाली बसते, दुसरं कोणी उठतं.

सांगणारा बदलला तरी वळणं बदलत नाहीत. आधीचे दिवस, मग ती रात्र, मग आताचे दिवस. ओळीने चार-पाच साक्षी ऐकल्या की प्रभू कितव्या वाक्याला येणार याचा अंदाजही बांधता येतो, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही येतो. पण या साच्याबद्दलचं माझं कुतूहल निराळं आहे. चारचौघांत उभं राहून ‘मला देव भेटला’ असं सांगायचं, आणि बाकीच्यांनी ते मध्ये न बोलता ऐकून घ्यायचं, ही मुभा गावगाड्यात किती जणांना होती? रिवाज बाहेरून आला, हे आधीच सांगून टाकतो. पण बाहेर त्याचं जे काम होतं त्याहून अवघड काम त्याला इथे करावं लागलं.

मूळ गाव शोधायचं तर न्यू इंग्लंडात जावं लागेल. इंग्लंड सोडून अमेरिकेत गेलेल्या प्युरिटन मंडळ्यांनी १६३० च्या दशकात दंडक घातला: नुसतं मत मान्य असून भागणार नाही, देवाने आपल्या अंतःकरणात काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगा, मग सभासद व्हा. शतकभराने लंडनमध्ये जॉन वेस्ली नावाचा पाद्री २४ मे १७३८ च्या संध्याकाळी ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेला नाराजीनेच गेला. तिथे कोणी तरी लूथरचं लेखन वाचत होतं. ऐकता ऐकता त्याच्या मनाला एक अनोळखी ऊब लागली. वेस्ली इतका टापटिपीचा माणूस, की ही घटना पावणेनऊच्या सुमारास घडली असं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं. त्याच्या मेथॉडिस्टांनी दर आठवड्याला छोट्या गटात बसून एकमेकांना आपली आत्मिक हालहवाल सांगायची पद्धत पाडली. खाणीतले मजूर, विणकर, मोलकरणी तिथे बोलू लागल्या. विद्वत्तेची अट नव्हती, कारण स्वतःच्या अनुभवाचा जाणकार स्वतःच असतो.

हीच पद्धत अमेरिकेत गेली आणि न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात तिला उधाण आलं. तिथे पाल्मायरा गावाजवळ एका शेतकऱ्याचा चौदा वर्षांचा मुलगा, जोसेफ स्मिथ, इतक्या पंथांतला खरा कोणता या चिंतेत होता. १८२० च्या वसंतात तो रानात जाऊन प्रार्थनेला बसला, आणि त्याच्या सांगण्यानुसार तिथे त्याला प्रत्यक्ष पिता आणि पुत्र दिसले. ही हकीकत त्याने स्वतःच्या हाताने लिहिली ती १८३२ मध्ये. आज सगळे मॉर्मन, म्हणजे त्याच्या पंथाचे लोक, जी वाचतात ती १८३८ ची आहे आणि छापली गेली १८४२ मध्ये. दोन्हींतले तपशील सगळे जुळत नाहीत. टीकाकारांना त्यात खोटेपणा दिसतो. श्रद्धावान म्हणतात, खऱ्या आठवणीही अशाच असतात. आपल्याला इथे त्यात पडायचं कारण नाही.

मॉर्मनांकडे थांबायचं ते यासाठी, की ख्रिस्ताची जातीने भेट व्हावी ही इच्छा त्यांनी एका मुलाच्या अनुभवापुरती ठेवली नाही, ती प्रत्येकाच्या वाट्याला दिली. त्यांच्या ‘बुक ऑफ मॉर्मन’मध्ये पुनरुत्थानानंतरचा ख्रिस्त अमेरिकेतल्या लोकांपुढे उतरतो आणि जमलेला समुदाय एकेक करून पुढे येतो, त्याच्या हातापायांचे वण चाचपून पाहतो. घोळक्याने एकदम पाहिलं आणि झालं, असं नाही. ग्रंथाच्या शेवटी वाचकाला सांगितलंय की हे खरं की खोटं ते देवालाच विचार. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे लोक दोन वेळचं जेवण सोडतात, वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात, आणि त्या दिवशीच्या सभेत ठरलेलं प्रवचन नसतं. ज्याला वाटेल तो पुढे येऊन साक्ष देतो. शाळकरी पोरंसुद्धा येतात. १८९६ पर्यंत हा उपास गुरुवारी असे. आणि बोलण्याची तऱ्हा पाहा: माझा विश्वास आहे असं म्हणण्यापेक्षा मला ठाऊक आहे असं म्हणण्याकडे त्यांचा कल.

याच्या वरची एक पायरीही आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू दुसऱ्या कैवाऱ्याचं वचन देतो, आणि पित्याबरोबर येऊन भक्तापाशी वस्ती करू असंही म्हणतो. जोसेफ स्मिथने एप्रिल १८४३ मध्ये शिकवलं की हे येणं हृदयात येणं नव्हे, साक्षात येणं आहे. याच देहात, याच जन्मात ख्रिस्ताचं मुख पाहता येईल. हे शिकवायचं, पण कोणाला दिसलं तर त्याने ते चव्हाट्यावर मांडायचं नाही, असा अलिखित शिरस्ताही त्या मंडळीत पडला. साधी साक्ष दर महिन्याला उघडपणे. सर्वोच्च साक्ष मात्र गिळून टाकायची. युटामधल्या डेन्व्हर स्नफर नावाच्या वकिलाने २००६ मध्ये या भेटीची वाट सांगणारं पुस्तकच लिहिलं. पुढे चर्चच्या इतिहासावरच्या दुसऱ्या एका पुस्तकावरून वाद होऊन २०१३ मध्ये त्याला बहिष्कृत केलं गेलं. ज्या पंथाचा पायाच एका खाजगी दर्शनावर आहे, त्याला नवं दर्शन झालेल्या माणसाची धास्ती वाटावी, हे नवल नाही. वारकऱ्यांच्या इतिहासातही अशी उदाहरणं सापडतील.

मॉर्मन आपल्याकडेही येऊन गेले, हे फारसं कोणाला माहीत नसतं. ह्यू फिंडले नावाचा स्कॉट प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला. वर्तमानपत्रांनी आणि पाद्र्यांनी त्याला धारेवर धरलं, तेव्हा तो पुण्याकडे वळला. तिथे मूठभर माणसं जमली, त्यातली बरीचशी लष्कराशी संबंधित. मराठ्यांना उद्देशून त्याने एक पुस्तिकाही काढली. पण १८५२ च्या ऑगस्टमध्ये युटात बहुपत्नीत्वाची जाहीर घोषणा झाली होती. ती बातमी हिंदुस्थानात पोहोचल्यावर या प्रचारकांचं कोणी ऐकेना. १८५६ पर्यंत सगळे निघून गेले. घोषणा नसती तर काही जमलं असतं का, याची मला शंका आहे. देव भेटल्याच्या गोष्टींची ज्या मुलखात कधी टंचाई नव्हती, तिथे पाल्मायराच्या रानातली आणखी एक गोष्ट ऐकून लोक हात जोडून पुढे गेले असते.

टंचाई दुसऱ्या कशाची तरी होती, आणि ती कळायला मुंबईच्या कोर्टात जावं लागतं. माझ्या मते मराठी ख्रिस्ती साक्षीचा जन्म चर्चमध्ये कमी आणि कोर्टात जास्त झाला.

१८३९ मध्ये स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतले दोन पारशी तरुण, धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी, ख्रिस्ती झाले. पारशी समाज खवळला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मुलाला डांबून ठेवलंय असा आरोप. मुलाने भर कोर्टात सांगायचं की मी माझ्या मनाने इथे आहे. धनजीभाईंनी तसं सांगितलं. पुढे चार वर्षांनी, १३ सप्टेंबर १८४३ रोजी, त्याच मिशनच्या शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला होता. श्रीपत बारा वर्षांचा. वडिलांनी कोर्टात धाव घेतली. मुलाला आपलं बरंवाईट ठरवण्याचं वय नाही असं म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं.

घरी आलेल्या मुलाला मग जात घेईना. मिशनऱ्यांच्या घरचं अन्न त्याच्या पोटात गेलेलं. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावं म्हणून झगडले, आणि त्यापायी त्यांना स्वतःलाच सनातन्यांचा रोष सोसावा लागला. मुंबईत शेंडीला गाठ मारून दोन तट पडले. या सगळ्या गदारोळात बारा वर्षांच्या पोराला नेमकं काय वाटलं होतं, ते कोर्टानेही महत्त्वाचं मानलं नाही आणि ब्रह्मवृंदानेही नाही. त्याचं वय एवढाच पुरावा ठरला. (परंपरा सांगते की जांबचा नारायण ठोसर, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, लग्नाच्या मांडवातून पळाला तोही बाराव्या वर्षी. त्याला परत आणायला कोणी कोर्टात गेलं नाही.)

तर पहिल्या पिढीवरचं हे सावट लक्षात घ्यायला हवं. न्यू इंग्लंडातला प्युरिटन साक्ष देताना त्याच्यासमोर बसलेले सगळे ख्रिस्तीच असत; प्रश्न एवढाच, की हा सच्चा आहे का. मुंबईत साक्ष देणाऱ्यासमोर वकील होते, रडणारी आई होती, दाराशी जमाव होता. ‘तुला फूस कोणी लावली?’ हा प्रश्न त्याच्या कानात बाप्तिस्म्याच्या पाण्याइतकाच खरा होता. बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १८८० च्या दशकात त्यांनी ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिलं. तेही मला एका लांबलचक जबानीसारखं वाटतं. लहानपणचे नेमधर्म, बेळगावचं घर, परमहंस सभेतले दिवस, वाचलेली पुस्तकं, शंका, माघार. त्यात रानातलं दर्शन नाही. कोणी फूस लावली नाही, मी वाचत वाचत इथवर आलो, हे पावलापावलाने दाखवलेलं आहे.

नारायण शेषाद्री १८५४ मध्ये पाळक झाले आणि १८६० च्या दशकात त्यांनी जालन्याला मुक्काम हलवला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. कुंडलिकेच्या काठी व्यापारी पेठ आणि बाहेर हैदराबाद काँटिंजंटची छावणी. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण पेठेतल्या लोकांनी केलेली असणार, कारण पेठेबाहेरच्या मांगवाड्यात सोनं नव्हतं. दोर वळणं, केरसुण्या बांधणं, लग्नाकार्यात वाजवणं ही कामं, आणि गावात चोरी झाली की पहिला संशय. शेषाद्रींकडे आले ते मुख्यतः हे लोक, त्यांनाच आज आपण मातंग म्हणतो. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळवली आणि जालन्यापासून दोन-तीन मैलांवर एक ख्रिस्ती वस्ती वसवली. विहिरी, शेती, शाळा, चर्च. नाव ठेवलं बेथेल. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपतो, स्वप्नात स्वर्गाला लागलेली शिडी पाहतो, त्याच्यापाशी देव बोलतो. त्या ठिकाणाचं हे नाव. घरातून पळालेल्या माणसाला रस्त्यात देव भेटला त्या जागेचं. हे नाव निवडताना शेषाद्रींच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण ते स्वतः घर गमावलेले गृहस्थ होते.

ब्राह्मण पाळक आणि मातंग मंडळी, एकाच पेल्यातून प्रभुभोजन. १८६० चं दशक आणि निजामी मराठवाडा डोळ्यांपुढे आणला की यातली उलथापालथ कळते.

शेषाद्री स्कॉटिश प्रेस्बिटेरियन वळणाचे. त्या वळणात अश्रू आणि थरथर यांना फार जागा नसते. उमेदवाराला प्रश्नोत्तरं शिकवायची, वागणूक पाहायची, मंडळीच्या वडीलजनांपुढे परीक्षा घ्यायची, मग बाप्तिस्मा. साक्ष म्हणजे इथे प्रश्नांना दिलेली नीट उत्तरं. तरी तेवढ्यातही मोठी गोष्ट होती. गावगाड्यात शिवेचा तंटा पडला तर महाराची साक्ष मोठी मानत. जमिनीबद्दलचा त्याचा शब्द चाले. देवाबद्दलचा शब्द मात्र महार-मांगांपैकी कोणाचाच चालत नसे. देवळाच्या पायरीच्या अलीकडे राहणाऱ्याने गाभाऱ्याबद्दल काय सांगायचं? १८५५ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला, त्यात तिने हाच प्रश्न टोकाला नेला होता: वेद पाहण्याचा अधिकार आम्हाला नाही, तर आमचा धर्म कोणता ते देवानेच कळवावं. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. पण मिशनच्या पत्राने तिचा शब्द जसाच्या तसा छापला, आणि दशकभरात तिच्याच जातीची माणसं जालन्याजवळ देवाबद्दलच्या प्रश्नांना उभं राहून उत्तरं देऊ लागली.

त्यांच्या साक्षीवर आरोपही तयारच होता. ब्राह्मण ख्रिस्ती झाला तर फूस लावली. मांग ख्रिस्ती झाला तर पोटासाठी. दुष्काळ आले, १८७६ ते ७८ चा आणि पुढे १८९९-१९०० चा, आणि मिशनच्या कामांवर, मिशनच्या धान्यावर जगलेल्या कुटुंबांना हा शिक्का कायमचा बसला. मला यात एक ढोंग दिसतं. भुकेल्या माणसाला ज्याने भाकरी दिली त्याच्या देवाबद्दल कुतूहल वाटणं यात गैर काय, हे विचारायला कोणी तयार नसतं. पण आरोप होता, आणि घरप्रार्थनेतल्या साक्षीचा आजचा साचा मला त्याच आरोपाला दिलेलं उत्तर वाटतो. ‘मला काही मिळालं म्हणून आले नाही, मला तो भेटला म्हणून आले.’ युटातल्या मॉर्मन बाईला हे म्हणावं लागत नाही. तिच्या सभेत तिच्यावर संशय घेणारा कोणी बसलेला नसतो.

शेषाद्रींना मात्र दोन्हीकडचा अनुभव मिळाला. १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली, तिला ते पांढरं पागोटं घालून गेले आणि तिथल्या लोकांचं लक्ष त्यांच्यावर खिळलं. मुंबईत ज्या धर्मांतरामुळे घर तुटलं, तेच तिकडे सभा भरवणारं ठरलं. तिकडच्या श्रोत्यांना बेथेलच्या विहिरींपेक्षा ब्राह्मणाच्या परिवर्तनाची गोष्ट अधिक हवी असणार, असा माझा अंदाज. १८९१ मध्ये ते वारले.

आता बाहेरून आलेल्या या रोपाला इथली माती कशी मिळाली ते पाहू. याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ मध्ये सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मलेला नारायण. थोरल्या भावाकडे त्याने अनुग्रह मागितला. अजून वय नाही म्हणून भावाने टाळलं. (पुन्हा वयच.) मुलगा मारुतीच्या देवळात जाऊन बसला आणि तिथे त्याला प्रत्यक्ष रामाचा अनुग्रह झाला, असं सांप्रदायिक चरित्रं सांगतात. पुढे तेच समर्थ ‘दासबोधा’त पानोपानी प्रचितीचा आग्रह धरतात, स्वतःला पटल्याशिवाय नुसतं ऐकीव धरून चालू नका. मराठवाड्यातल्याच देवगावची बहिणाबाई, जन्म १६२८. ब्राह्मणाची बायको असून तिला स्वप्नात तुकोबांचं दर्शन झालं, उपदेश मिळाला, नवऱ्याने त्यापायी मारझोड केली, आणि हे सगळं तिने अभंगांत क्रमाने सांगून ठेवलं. स्वतः तुकोबांना गुरुमंत्र मिळाला तोही स्वप्नात. आधीचे हाल, ती रात्र, मग आताचं जिणं: आकार तोच. फरक एवढा, की संतांच्या बाबतीत हे सांगणं अपवादाचं होतं. असा अनुभव आलेला माणूस संत ठरे, बाकीचे त्याचे अभंग म्हणत. ख्रिस्ती मंडळीने सतरंजीवरच्या प्रत्येकाकडून आपापली हकीकत मागितली.

हे दोन प्रवाह एका माणसात मिळाले ते नारायण वामन टिळकांमध्ये. तिसरा नारायण. जालन्याशी त्यांचा संबंध जोडायची गरज नाही. त्यांची गीतं सगळ्या मराठी मंडळ्यांत म्हणतात. राजनांदगावच्या आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. चरित्रकार सांगतात की बाप्तिस्म्याआधी त्यांना त्याच्यामागे जा असं सुचवणारी स्वप्नं पडली. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्या आधी, १८६२ च्या सुमारास, कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तन सुरू केलंच होतं. टिळकांनी अभंगाच्या चालीत ख्रिस्तभेटीची तळमळ आणली. प्रेस्बिटेरियन प्रश्नोत्तरांत जे बोलता येत नव्हतं ते आता गाता येऊ लागलं.

पंडिता रमाबाईंची साक्ष याहून कोरडी आणि मला अधिक जवळची. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या स्वच्छ सांगतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठ वर्षं लागली. तोवर त्यांनी बिशपांशी वाद घातले, सिद्धांत तपासले, शारदा सदन काढलं. बाप्तिस्मा घेतलेल्या, जगभर नाव झालेल्या बाईने हे कबूल करणं सोपं नव्हतं. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ मध्ये जे जागृतीचं वारं सुटलं त्यात मुली रडत, पापं कबूल करत, मोठ्याने प्रार्थना करत, आणि टोळ्या करून आसपासच्या गावांत साक्षीला जात. यातल्या पुष्कळजणी दुष्काळातून उचलून आणलेल्या. ‘अन्नासाठी ख्रिस्ती झालेल्या’ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवायचं त्याच आता रस्त्यावर उभ्या राहून सांगत होत्या की आम्हाला तो भेटला. आजच्या घरप्रार्थनेतल्या बाईचा सूर शेषाद्रींच्या परीक्षेपेक्षा या मुलींशी अधिक जुळतो.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं सांगणं मात्र कुठल्याच साच्यात बसत नाही. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या हादरून गेल्या. पाच वर्षं सोवळंओवळं सांभाळून राहिल्या. मग राहुरीला असताना त्यांनी जातीचा विचार सुरू केला: जात देवाने केली की माणसाने? माणसानेच केली असं ठरल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हे सारं त्या हसत हसत सांगतात. ना स्वप्न, ना आवाज, ना प्रकाश. देव भेटण्याआधी शेजारीण भेटली. जालन्याच्या कुठल्या घरप्रार्थनेत त्यांनी ही साक्ष दिली असती तर पाळकांनी बहुधा विचारलं असतं, बाई, प्रभू कुठे भेटला ते राहिलं.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून सातारला ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्ताला मानणारा कोणीही तिथे यावा, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. म्हणजे अनुभव असेल तर नोंदवहीची गरज नाही. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ ला, ते गेले आणि दरबार फार टिकला नाही.

नोंदवही मात्र टिकली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दाखला फक्त हिंदूंना मिळे. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. त्यामुळे बेथेलच्या परंपरेतल्या मातंग कुटुंबाला रविवारी उभं राहून जे सांगायचं ते सोमवारी तहसील कार्यालयात सांगून चालत नाही. वाड्यात लोक त्याला मांगच म्हणतात, कागद मात्र त्याची जात पुसतो. कोणी दोन नावं ठेवतं, कोणी बाप्तिस्माच टाळतं आणि वर्षानुवर्षं नुसतं येऊन बसतं. टिळकांच्या दरबारातली ही माणसं म्हटली तर चालेल, फक्त कारण निराळं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

दरम्यान, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाईचा अर्ज फेटाळला. वडील हिंदू, आई ख्रिस्ती. सरकारी नोकरीसाठी तिला अनुसूचित जातीचा दाखला हवा होता. ती म्हणाली, मी हिंदू आहे. न्यायालयाने तिचा लहानपणीचा बाप्तिस्मा पाहिला, ती नेमाने चर्चला जाते हे पाहिलं, आणि तिचं म्हणणं मानलं नाही. १८४३ मध्ये श्रीपतच्या वयाकडे पाहून त्याचं मन मोजलं गेलं. इथे चर्चमधल्या हजेरीकडे पाहून.